स्वामी जिवंत असलेला रोनिन : ‘बर्सर्क’मधील एकाकी योद्ध्याची पूर्वपीठिका

केन्तारो मिउरा (१९६६-२०२१) याची ‘बर्सर्क’ ही चित्रकथा-मालिका १९८९ साली हाकुसेन्शा या प्रकाशनसंस्थेच्या मासिकातून क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली, तेव्हा तिच्या नायकाला भूतकाळ नव्हता. काळा झगा, एक मिटलेला डोळा, डाव्या कोपराखाली लोखंडी हात आणि पाठीवर माणसाएवढी तलवार एवढीच सामग्री घेऊन गट्स वाचकासमोर येतो. तो कोणाचे आभार मानत नाही, कोणाला वाचवण्यासाठी लढत नाही. आरंभीच्याच एका प्रसंगात एक वृद्ध धर्मोपदेशक आणि त्याची मुलगी त्याला आपल्या गाडीत जागा देतात. रात्री त्याच्या मानेवरील डागाच्या ओढीने प्रेतात्मे गोळा होतात आणि ती दोघे प्राणांस मुकतात. वाचकाला या माणसाची भीती वाटते, घृणाही वाटते. सहानुभूती वाटण्यास मात्र अजून काहीच कारण मिळालेले नसते. तिसऱ्या खंडात कथा मागे वळते आणि चौदाव्या खंडापर्यंत ती भूतकाळातच राहते. एका लोकप्रिय मालिकेने आपल्या वर्तमानाला इतका दीर्घ काळ तिष्ठत ठेवावे, ही गोष्ट साधी नव्हे. या योद्ध्याचे एकाकीपण हा त्याचा स्वभाव नसून त्याचा इतिहास आहे, हे त्या रचनेतूनच सूचित होते. तो इतिहास कोणत्या परंपरेतून आला आणि त्या परंपरेशी त्याने कोणता झगडा मांडला, हे पाहणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

जपानी कथनपरंपरेत एकट्या योद्ध्याला ‘रोनिन’ हे एक सिद्ध नाव आहे. रोनिन म्हणजे स्वामी नसलेला सामुराई. १६०० साली सेकिगाहाराची लढाई झाली, १६१५ साली ओसाकाचा किल्ला पडला आणि पराभूत सरदारांचे हजारो सेवक निराधार झाले. तोकुगावा राजवटीच्या दीर्घ शांततेत, ज्यांना लढण्यावाचून दुसरे काही येत नव्हते अशा या माणसांचे करायचे काय, हा तत्कालीन समाजापुढील खरोखरीचा प्रश्न होता. वाङ्मयाने त्याचे उत्तर स्वामिनिष्ठेच्या अंगाने दिले. १७०१ साली आसानो नागानोरी या सरदाराला पोट फाडून घेण्याची आज्ञा झाली. त्याच्या सत्तेचाळीस रोनिनांनी १७०३ साली प्रतिपक्ष्याला ठार करून सूड उगवला आणि स्वतः मरण पत्करले. १७४८ साली या घटनेवर रचल्या गेलेल्या ‘कानादेहोन चुशिंगुरा’ या नाटकाने तिला जे रूप दिले, ते पुढे जपानी लोकमानसात पक्के रुजले. येथे स्वामी मरतो, म्हणून सेवक एकाकी होतो. आणि मेलेल्या स्वामीसाठी मरून तो आपले एकाकीपण संपवतो. बाजीप्रभूच्या बलिदानावर पोसलेल्या मराठी वाचकाला ही रचना परकी वाटू नये. स्वामी गडावर पोहोचतो, सेवक खिंडीत पडतो आणि त्या पडण्याला अर्थ लाभतो.

या परंपरेची आणखी एक शाखा आहे. मिनामोतो नो योशित्सुने (११५९-११८९) या पराक्रमी सेनानीचा त्याच्याच थोरल्या भावाने पाठलाग करून अंत घडवून आणला. त्याच्याविषयीच्या लोकभावनेतून पराभूताविषयीच्या सहानुभूतीला जपानी भाषेत ‘होगान-बिइकी’ असा स्वतंत्र शब्दच तयार झाला. आयव्हन मॉरिस या अभ्यासकाने ‘द नोबिलिटी ऑफ फेल्युअर’ (१९७५) या ग्रंथात अशा अयशस्वी वीरांची मालिकाच उभी केली आहे. त्या ग्रंथाचे महत्त्व मान्य करूनही मला त्याविषयी एक शंका वाटत आली आहे. पराभवाला उदात्त ठरवणारी ही दृष्टी बहुतेक वेळा पराभूत नायकाकडे पाहते. त्याच्यामागे मेलेल्या अनामिकांना ती जमेस धरते की नाही? योशित्सुनेसाठी बेन्केइ उभ्याउभ्या बाण झेलत मेला, असे आख्यायिका सांगते. बेन्केइला मरायचे होते का, हा प्रश्न तेथे उपस्थितच होत नाही.

विसाव्या शतकात रोनिनच्या प्रतिमेला तडा गेला. नाकाझातो काइझान याची ‘दाइबोसात्सु तोगे’ ही कादंबरी १९१३पासून वृत्तपत्रातून येऊ लागली. तिचा नायक त्सुकुए र्‍युनोसुके आरंभीच एका घाटमाथ्यावर एका वृद्ध यात्रेकरूला कोणत्याही कारणाविना कापून टाकतो. पुढे तो आंधळा होतो आणि तरीही त्याची तलवार थांबत नाही. ही प्रदीर्घ कादंबरी ४१ भागांपर्यंत गेली आणि लेखकाच्या मृत्यूने (१९४४) अपुरीच राहिली. (मिउराच्या हयातीतील लेखनाचे खंडही ४१च भरले; या योगायोगातून काही काढण्याचा माझा विचार नाही, पण तो नजरेतून सुटत नाही.) १९२७च्या सुमारास हायाशी फुबो याने तांगे साझेन हा एक डोळा व एक हात गमावलेला तलवारबाज निर्माण केला. मुळात दुय्यम असलेले हे पात्र वाचकांना इतके भावले, की पुढे तेच नायक होऊन बसले. नायकाचे शरीर खंडित असणे ही खूण येथून या वाङ्मयप्रकारात स्थिर झाली. स्वामीपासून तुटलेला माणूस आता देहानेही अपुरा दिसू लागला. परंतु या दोघांच्याही अपुरेपणाला कर्ता नाही. र्‍युनोसुकेला क्रौर्याचे कारण नाही, आणि साझेनच्या जखमा ही त्याच्या व्यक्तिमत्त्वाची जणू वेशभूषा आहे. जखम कोणी केली, हे विचारण्याचे धैर्य महायुद्धानंतरच्या चित्रकथेने दाखवले.

ओसामु तेझुका याच्या ‘दोरोरो’ (१९६७-६९) या मालिकेकडे या दृष्टीने पाहावयास हवे. सत्तेच्या लालसेने दाइगो कागेमित्सु हा सरदार आपल्या अद्याप न जन्मलेल्या मुलाच्या देहाचे ४८ भाग ४८ दैत्यांना देऊ करतो. मूल मांसाचा गोळा होऊन जन्मते आणि नदीत सोडले जाते; एक वैद्य त्याला कृत्रिम अवयव बसवतो, आणि हातांच्या पोकळीत पाती दडवलेला ह्याक्किमारू एकेका दैत्याला मारून एकेक अवयव परत मिळवीत हिंडतो. येथे प्रथमच वरच्याने खालच्याला विकल्याचे उघड विधान येते. बाप हाच स्वामी आहे आणि त्याने आपल्या भवितव्यासाठी मुलाचा देह गहाण टाकला आहे. हे विधान १९४५नंतरच्या जपानमध्येच करता येण्यासारखे होते, असे मला वाटते. या संदर्भात शिगेरू मिझुकी याची ‘सोइन ग्योकुसाइ सेयो’ (१९७३) ही चित्रकथा आठवते. मिझुकी स्वतः न्यू ब्रिटन बेटावर सैनिक होता. तेथे त्याचा डावा हात गेला. त्याच्या कथेत सर्वांनी लढून मरावे अशी आज्ञा झालेल्या तुकडीतील काहीजण जिवंत उरतात. पण ती तुकडी धारातीर्थी पडल्याचे वरिष्ठांना आधीच कळवलेले असल्याने त्या वाचलेल्यांनी पुन्हा मरणे आवश्यक ठरते. जिवंत उरलेला सैनिक ही व्यवस्थेची अडचण होऊन बसते. चुशिंगुराच्या स्वामिनिष्ठेचे याहून कठोर विडंबन माझ्या वाचनात नाही.

‘बर्सर्क’ची जागा या क्रमात आहे. मिउराने उल्लेखलेले आपले प्रभाव प्रामुख्याने जवळचे आहेत : गो नागाइची चित्रकथा, काओरू कुरिमोतोची ‘गुइन सागा’ ही १९७९पासूनची अद्भुत कादंबरीमाला, ‘होकुतो नो केन’ ही १९८०च्या दशकातील गाजलेली मालिका. कथेचा पेहराव तर सर्वस्वी युरोपीय आहे. मिडलंड आणि ट्यूडर यांच्यातील शतकभराचे युद्ध इंग्लंड-फ्रान्सच्या शतवार्षिक युद्धाची (१३३७-१४५३) आठवण देते. त्या युद्धात १३६०च्या तहानंतर बेकार झालेल्या भाडोत्री टोळ्या फ्रान्सभर लूट करीत हिंडत होत्या. गट्सचे बालपण नेमके अशाच टोळीत जाते. लोखंडी हाताचा जर्मन योद्धा गॉट्झ फॉन बर्लिखिंगेन याचा हात १५०४ साली लांड्सहूटच्या वेढ्यात गेला होता आणि त्याच्यावर गटेने १७७३ साली नाटक प्रसिद्ध केले, हेही अभ्यासू वाचकास आठवेल. परंतु वेष युरोपचा असला तरी कथेच्या गाभ्याचा प्रश्न जपानी आहे. तो स्वामी आणि सेवक यांच्यातील ऋणाचा प्रश्न आहे.

फाशी गेलेल्या स्त्रीच्या प्रेतापासून चिखलात जन्मलेले हे मूल भाडोत्री टोळीतील एक स्त्री उचलून घेते. ती लवकरच साथीत मरते. तिचा सोबती गॅम्बिनो त्याला तलवार शिकवतो, आणि एका रात्री काही नाण्यांसाठी त्या मुलाला एका सैनिकाच्या स्वाधीन करतो. म्हणजे गट्सची पहिली विक्री बापाच्या जागी असलेल्या माणसाकडूनच होते. पुढे त्याला मारावयास आलेला गॅम्बिनो त्याच्याच हातून मरतो. त्यानंतर काही वर्षांनी ग्रिफिथ हा ‘ससाण्याच्या टोळी’चा तेजस्वी तरुण नायक त्याला द्वंद्वात हरवतो, आणि पैजेप्रमाणे गट्स त्याचा होतो. ‘तू माझा आहेस’ हा त्यांच्या नात्याचा आरंभबिंदू आहे. वाचक मात्र पुढील खंडांत तो विसरतो, कारण टोळीत गट्सला आयुष्यात प्रथमच सोबती मिळतात.

कथेचे मर्म प्रॉमरोज प्रासादातील एका रात्रीत आहे. ग्रिफिथच्या आज्ञेवरून गट्स एका प्रतिस्पर्धी सरदाराची हत्या करतो. तेथे अनपेक्षितपणे त्याचा लहान मुलगा येतो आणि गट्सची तलवार त्यालाही भोसकते. रक्तबंबाळ अवस्थेत तो आपल्या नायकाकडे परततो, तेव्हा कारंजाजवळ ग्रिफिथ राजकन्येशी मैत्रीविषयी बोलत असतो. दुसऱ्याच्या स्वप्नाला चिकटून राहणारा आपला मित्र होऊ शकत नाही. स्वतःचे स्वप्न असणारा आणि त्यासाठी आपल्याशीही झुंजणारा तोच मित्र, अशा आशयाचे ते बोलणे आहे. गट्स ते ऐकतो. त्याने त्याच रात्री दुसऱ्याच्या स्वप्नासाठी एक मूल मारलेले आहे, हे मिउरा शब्दांत सांगत नाही. हातांवरचे रक्त आणि कारंजाचे पाणी एका पाठोपाठच्या चौकटींत दाखवून तो थांबतो.

या क्षणी गट्सच्या मनात जो निर्णय रुजतो, तोच त्याचा शोकात्म प्रमाद होय. युद्ध संपल्यावर तो टोळी सोडतो. बर्फात झालेल्या दुसऱ्या द्वंद्वात तो ग्रिफिथची तलवार एका घावात तोडतो आणि निघून जातो. त्याच्या दृष्टीने हे द्रोहाचे नव्हे, मैत्रीची पात्रता मिळवण्याचे कृत्य आहे. परंतु त्याच्या जाण्याने खचलेला ग्रिफिथ त्याच रात्री राजकन्येच्या महालात शिरतो, पकडला जातो आणि वर्षभराच्या छळात त्याची जीभ, स्नायू, सर्व काही नष्ट होते. अ‍ॅरिस्टॉटलच्या अर्थाने पाहिले तर येथे दुर्गुण नाही, अज्ञान आहे. आपण त्या माणसासाठी काय आहोत हे गट्सला ठाऊक नाही. सेवकाने स्वतंत्र होऊ पाहावे, आणि त्या स्वातंत्र्यानेच स्वामी कोसळावा, अशी ही गुंफण आहे. म्हणून गट्सला खलनायकाचा बळी एवढेच म्हणणे अपुरे आहे.

त्यानंतरचा ग्रहणाचा प्रसंग हा या मालिकेचा कळस. छळाने निकामी झालेल्या ग्रिफिथला दैवी सामर्थ्य मिळण्याची संधी येते. मोबदला म्हणून आपल्या सर्वांत जवळच्यांची आहुती द्यावयाची असते. त्याचे स्वप्न त्याला क्षणभर विसरावयास लावणारा एकच माणूस होता, तो गट्स, हे त्याला त्याच वेळी उमगते. आणि तो आहुती देतो. जे सैनिक त्याच्यासाठी आनंदाने मेले असते त्यांना तो विचारत नाही. चुशिंगुराची संपूर्ण नीती येथे उलटी होते. तेथे स्वामी मेल्यामुळे सेवक रोनिन होतो. येथे स्वामी जगल्यामुळे, सेवकांच्या मृत्यूवर जगल्यामुळे होतो. गट्सच्या मानेवर उमटलेला आहुतीचा डाग ही मालकीचीच निशाणी आहे. ‘तू माझा आहेस’ या जुन्या वाक्याची ती भीषण पूर्तता आहे. हा डाग दर रात्री रक्त गाळतो, हे वाचताना आपल्याकडील वाचकाला अश्वत्थाम्याची भळभळती जखम आठवणे साहजिक आहे. पण अश्वत्थाम्याची जखम त्याच्या स्वतःच्या अपराधाची शिक्षा आहे, गट्सची दुसऱ्याच्या व्यवहाराची पावती. ह्याक्किमारूशी तुलना केली तर फरक आणखी स्पष्ट होतो. तो एकेक दैत्य मारून आपला देह परत मिळवतो. गट्सला प्रत्येक लढाईनंतर देहाचा आणखी काही अंश गमवावा लागतो. तेझुकाच्या जगात कर्ज फिटते, मिउराच्या जगात त्यावर व्याज चढते.

येथे संहितेच्या इतिहासातील एक घटना महत्त्वाची आहे. नियतकालिकात छापले गेलेले ८३वे प्रकरण मिउराने पुस्तकरूपातून वगळले. त्या प्रकरणात ग्रिफिथची गाठ एका आद्य सत्तेशी पडते. आपल्या दुःखांना काही तरी कारण असावे या मानवजातीच्या सामूहिक इच्छेतून ती सत्ता जन्मलेली आहे आणि नियतीची सूत्रे तीच हलवते. कथाविश्वाचे रहस्य त्यातून फार लवकर व फार उघड होत होते, म्हणून ते काढले, असे त्याचे कारण सांगितले जाते. मला त्या वगळण्यात याहून मोठा वाङ्मयीन विवेक दिसतो. ते प्रकरण राहिले असते तर ग्रिफिथच्या वर आणखी एक धनी आला असता आणि तोही केवळ सेवक ठरला असता. अपराधाची जबाबदारी एकेक पायरी वर ढकलता आली असती. प्रकरण गेल्यामुळे आहुती देणारा एक माणूस उरला, आणि तो निर्णय माणसाचा राहिला.

ग्रहणानंतरच्या भागाविषयी मात्र निर्भेळ प्रशंसा करता येत नाही. टोळीतील एकमेव स्त्री-योद्धा कॅस्का, जिच्यावर गट्सचे प्रेम आहे, तिच्यावर ग्रिफिथ गट्सच्या डोळ्यांदेखत बलात्कार करतो आणि तिची शुद्ध हरपते. पुढे प्रकाशनकाळाच्या हिशेबाने सुमारे दोन दशके ती बोलू शकत नाही. टोळीचे नेतृत्व करणारे, स्वतःची महत्त्वाकांक्षा आणि मत्सर असणारे हे पात्र नायकाच्या संतापाचे इंधन होऊन राहते. लोकप्रिय साहित्यातील ही जुनी खोड मिउरालाही सुटली नाही, हे स्पष्टपणे नोंदवले पाहिजे. तरीही कथेने स्वतःच याविषयी गट्सला जाब विचारला आहे, हेही तितकेच खरे. ड्रॅगन मारण्यासाठी घडवलेली आणि कोणालाच पेलत नसल्याने अडगळीत पडलेली ती अजस्र तलवार ज्याच्या लोहारखान्यातून गट्सला मिळाली, तो वृद्ध गोदो दोन वर्षांनी परतलेल्या गट्सला सुनावतो. त्या स्त्रीसोबत दुःखात बसण्याची तुझी तयारी नव्हती, म्हणून तू सूडाच्या वाटेने पळालास, असा त्याच्या बोलण्याचा रोख आहे. पहिल्या खंडांत वाचकाने ज्याला शौर्य मानले, ते एकाकीपण पलायन होते असे कथाच येथे म्हणते. यानंतर गट्सभोवती हळूहळू माणसे जमू लागतात : एक चोरटे पोर, एक लहान चेटकीण, एकेकाळी त्याचाच पाठलाग करणारी एक सरदारकन्या. शीर्षकातील शब्दाला तर २६व्या खंडात पहिल्यांदा वस्तुरूप मिळते. नॉर्स गाथांतील ‘बर्सर्क’ म्हणजे रणोन्मादात आप्त-पर विसरणारा योद्धा. गट्सला मिळणारे चिलखत त्याला तसाच उन्माद देते आणि त्यातून त्याला माघारी आणण्यासाठी प्रत्येक वेळी दुसऱ्या कोणाची तरी हाक लागते. इतकी वर्षे एकट्याने लढणारा हा माणूस आता एकट्याने लढूही शकत नाही.

आणि कॅस्का शुद्धीवर येते तेव्हा मिउराने जे केले, ते त्याच्या सर्व रणप्रसंगांहून कठोर आहे. ती सर्वांना ओळखते, बोलते, हसते. केवळ गट्सकडे तिला पाहवत नाही. त्याला पाहिले की ते ग्रहण तिच्यासमोर पुन्हा उभे राहते. तिला बरे करण्यासाठी ज्याने समुद्र ओलांडला, त्याला तिच्यापासून दूर राहावे लागते. येथे कोणी दैत्य नाही, तलवारीला काम नाही.

६ मे २०२१ रोजी मिउराचे ५४व्या वर्षी महाधमनी विदीर्ण होऊन निधन झाले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात प्रसिद्ध झालेल्या ३६४व्या प्रकरणात, पौर्णिमेच्या रात्री गट्सच्या सोबत्यांत येऊन राहणाऱ्या एका मुक्या बालकाच्या जागी ग्रिफिथ उभा असलेला दिसतो. स्वामी आणि सेवक समोरासमोर येतात, आणि लेखणी थांबते. जून २०२२पासून ही कथा पुन्हा सुरू झाली आहे. चित्रे मिउराच्या सहायकांच्या ‘स्टुडिओ गागा’ची आहेत, आणि देखरेख कोउजी मोरी या चित्रकथाकाराची. मोरी हा मिउराचा शाळेपासूनचा मित्र; सुमारे तीस वर्षांपूर्वी मिउराने त्याला कथेचा शेवटपर्यंतचा आराखडा सांगितला होता. मित्राने जे सांगितले तेवढेच आपण लिहू, त्यात पदरची भर घालणार नाही, आणि जे स्पष्ट आठवत नाही ते सोडून देऊ, असे मोरीने आरंभीच जाहीर केले. या प्रकरणांत संवाद विरळ आहेत, चौकटी मोठ्या आहेत, आणि मिउराची रेषांची दाटी जागोजागी उणी भासते. समीक्षकाने ती पहिल्या ३६४ प्रकरणांच्या पंक्तीस बसवू नयेत. पण ती टाकाऊ म्हणून बाजूसही सारू नयेत. एका मित्राने दुसऱ्याच्या स्वप्नाला चिकटून राहणे म्हणजे काय, हे आता पानावर दिसते आहे, आणि कारंजाजवळच्या ग्रिफिथला ते मान्य झाले नसते.